खुळ्याचं शहाणपण

आमच्या कोल्हापुरात ‘खुळा’ ही शिवी नाही. आई लेकराला, मित्र मित्राला, बायको नवऱ्याला बिनदिक्कत ‘खुळा का काय?’ म्हणते आणि कुणी ते मनाला लावून घेत नाही. खरी शिवी आहे ती ‘लई शाना हाईस’ ही. असं कुणी म्हणालं की समोरच्याचा चेहरा पडतो आणि पुढचं बोलणं वाढायला वेळ लागत नाही. आमच्या मुलखाने खुळ्याला आणि शहाण्याला एकमेकांच्या जागी कधी बसवलं, कुणास ठाऊक. पण या अदलाबदलीत ज्याची निम्मी हयात गेली असा एक माणूस आमच्या घरात होता. ते आमचे थोरले मामू.

मामूंचा धंदा केळ्यांचा. पन्हाळ्याच्या पलीकडे, मलकापूरच्या रस्त्याला लागलं की डाव्या हाताला एक गाव लागतं, तिथे बागवानांची पाच-सहा घरं. मामू सायकलला दोन करंड्या लावून आसपासच्या वाड्यांवर केळी विकायचे. वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस ते बागवान. उरलेल्या एका रात्री, गावच्या जत्रेत, देवळासमोर फळ्या टाकून उभ्या केलेल्या स्टेजवर ते सोंगाड्या व्हायचे. गावातली हौशी मंडळी दरसाल वग बसवत. राजा होणारा गडी पाटलांच्या भावकीतला, प्रधान शाळेतला शिपाई, राणी होणारा न्हाव्याचा मुलगा. सोंगाड्या मात्र वीस-बावीस वर्षं एकच, आमचे मामू. हॅण्डबिलावर त्यांचं नाव शेवटी आणि सगळ्यांत मोठ्या टायपात छापलेलं असायचं.

आम्ही भावंडं त्या रात्री पोत्यांवर बसून जागायचो. अम्मी मात्र येत नसे. लग्नकार्यात कुणी ‘तमाशावाले मामू के भांजे’ अशी आमची ओळख करून दिली की तिचा चेहरा उतरायचा. जमातीतले बुजुर्गही मामूंना अधूनमधून बोलावून समजावत. सोंगं काढणं आपल्यात बरं दिसत नाही, त्यात देवळासमोर आणि सुरुवातीला गण, म्हणजे गणपतीचं स्तवन! मामू मान खाली घालून ऐकत आणि म्हणत, “गण होईतो मैं आताच नै स्टेजपर. मेरा काम बादमें है.” यावर बुजुर्गांनाही हसू यायचं. दाढीवरून हात फिरवत ते हसू लपवायचे.

मामूंचं काम खरोखरच ‘बाद में’ असायचं. तमाशाची मांडणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे सांगायला नको. आधी गण, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग. गवळणीत कृष्णाचा लंगडा सवंगडी पेंद्या असतो, लुगडं नेसलेला बाप्या मावशी होऊन येतो. वग सुरू झाला की राजाचा दरबार भरतो आणि राजाच्या शेजारी एक माणूस उभा राहतो, ज्याला दरबारात काहीच अधिकार नाही. तो चोपदाराच्या मध्ये बोलतो, राजाला अरेतुरे करतो, प्रधानाचं फर्मान ऐकताना जांभई देतो. त्याला कुणी फाशी देत नाही, कारण तो खुळा आहे. आणि सबंध दरबारात खरं बोलणारा तेवढा एकच आहे.

हा माणूस आपल्याकडे फार जुना. भरताच्या नाट्यशास्त्राने त्याचं रूपसुद्धा ठरवून दिलं: बुटका, पुढे आलेले दात, पाठीला कुबड, डोक्याला टक्कल. जातीने ब्राह्मण, पण बोलणार प्राकृत, म्हणजे बायकांची आणि नोकरचाकरांची भाषा. राजाला ‘मित्रा’ म्हणायचा हक्क त्याचाच. १८४३ साली सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, त्यांच्या खेळांत सूत्रधारापाठोपाठ विदूषक वेडेवाकडे चाळे करत यायचाच. पण या विदूषकाच्या हाती खरं हत्यार दिलं ते जोतीराव फुल्यांनी. १८५५ सालच्या ‘तृतीय रत्न’ नाटकात भोळ्या कुणब्याला जोशी कसा लुबाडतो हे प्रेक्षकांना पायरीपायरीने उलगडून सांगतो तो विदूषकच. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक नाकारलं आणि फुल्यांच्या हयातीत ते छापलंही गेलं नाही. खुळ्याचं बोलणं शहाण्यांना बरोबर कळलं होतं, असाच याचा अर्थ.

आमच्या भागात सोंगाड्या म्हटलं की जुनी माणसं दोन नावं घेत. एक सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू. लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ. ‘जहरी प्याला’ या वगात दोघे हवालदार व्हायचे आणि एकाची चूक दुसऱ्याच्या अंगावर जायची. दुसरं नाव दादू इंदुरीकरांचं. हरिभाऊ वडगावकरांच्या ‘गाढवाचं लग्न’मधला त्यांचा सावळ्या कुंभार मामूंनी कोल्हापुरात केशवराव भोसले नाट्यगृहात पाहिला होता आणि परतताना शेवटची एसटी चुकली म्हणून रात्र स्टॅण्डवर काढली होती. त्याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. सावळ्याच्या घरचं गाढव राजाची मुलगी मागतं आणि राजाला त्याच्याशी बोलणी करावी लागतात. मामू म्हणायचे, “गधा बोल्या तो राजा सुनता. कुंभार बोल्या तो सुनता क्या?” पुढे वसंत सबनिसांच्या ‘विच्छा माझी पुरी करा’मध्ये दादा कोंडक्यांनी १९६५ पासून तोच हवालदार, तोच खुळेपणा शहरातल्या खुर्च्यांवरच्या माणसांसमोर नेला आणि ताज्या राजकारणावर बोट ठेवून त्यांना पोट धरून हसवलं.

आणि तमाशा ‘आपला’ नाही असं म्हणणाऱ्या जमातीतल्या मंडळींना मामू आणखी एक नाव ऐकवत. पेशवाईच्या अखेरीचे लावणीकार सगनभाऊ. जेजुरीचे, शिकलगार, मुसलमान. स्वतःचा फड घेऊन फिरणारे. त्यानंतर शंभर-सव्वाशे वर्षांनी बार्शीचे अमर शेख अण्णाभाऊ साठ्यांच्या खांद्याला खांदा लावून लाल बावटा कलापथकात उभे राहिले. त्या पथकाच्या वगांतला सोंगाड्या शेतकरी-कामगारांच्या बाजूने सावकाराची टर उडवत असे. अण्णाभाऊंच्या एका वगाचं नावच ‘अकलेची गोष्ट’. अक्कल आणि खुळेपणा एकाच पागोट्याखाली नांदतात, हे त्यांना कळलेलं होतं.

पण मामूंची तालीम तमाशाच्याही आधी झाली होती, ती आमच्या नानीच्या मांडीवर. नानी निरक्षर. तिच्याजवळ गोष्टींचा साठा मोठा, आणि त्यात दोन खुळे हटकून असायचे, मुल्ला नसरुद्दीन आणि बहलूल दाना. नावातच ‘दाना’, म्हणजे शहाणा. खलिफा हारून अल्-रशीदच्या बगदादमध्ये हा माणूस लाकडी घोड्यावर बसून गल्लीबोळांतून हिंडायचा. सांगतात की एकदा दरबार रिकामा पाहून तो खलिफाच्या गादीवर जाऊन बसला. पहारेकऱ्यांनी त्याला खाली ओढून बेदम मारलं. खलिफा आला तर बहलूल रडत होता. दुखतंय का, असं विचारल्यावर म्हणाला, “मी माझ्यासाठी रडत नाही. मी घडीभर बसलो तर एवढा मार पडला. तू तर इतकी वर्षं बसलायस, तुझं कसं व्हायचं?” नानी ही गोष्ट सांगताना शेवटी स्वतःच डोळे पुसायची. मुल्लाची कबर तुर्कस्तानात अकशहर गावी आहे. तिच्या दाराला भलंमोठं कुलूप आणि बाजू मात्र सताड उघड्या! मेल्यावरही माणसाने लोकांना हसवावं आणि विचारात पाडावं, ही मुल्लाची कमाल. राजाच्या दरबारातला सोंगाड्या आणि खलिफाच्या दरबारातला बहलूल हे मामूंच्या दृष्टीने एकाच घरचे. म्हणून देवळासमोरच्या स्टेजवर चढताना त्यांना आपण कुठे परक्या दारात आलो असं वाटत नसे.

१९७२-७३ चे ते दिवस आम्हांला अर्धवट आठवतात. रेशनवर तांबडी मिलो ज्वारी मिळायची, तिच्या भाकरीला वास यायचा. गावचा रेशन दुकानदार माप मारतो हे सगळ्यांना माहीत होतं, पण बोलणार कोण? त्या जत्रेत राजाने न्यायनिवाडा केला आणि सोंगाड्याला विचारलं, “कसा काय वाटला आमचा न्याय?” मामूंनी हवेत तराजू धरला, एक डोळा मिटून पारड्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “महाराज, न्याय झ्याक हाय. निस्ता किलोला आठशे ग्रॅम भरतोय.” सगळं गाव उसळलं. पहिल्या रांगेत बसलेला दुकानदार सगळ्यांत मोठ्याने हसत होता, कारण न हसणं म्हणजे कबुलीच. दुसऱ्या दिवशी त्याने मामूंना मुद्दाम हाक मारून रेशन दिलं. माप पुरेपूर, वर मूठभर जास्तच. आम्ही पोरं खूश. मामू मात्र गप्प. “मेरा माप बराबर हुआ, गाँव का नै हुआ. जोक फेल गया,” एवढंच म्हणाले.

हे वाक्य आम्हांला त्या वेळी कळलं नाही. हशा झाला, टाळ्या झाल्या, मग जोक फेल कसा?

ते कळायला आम्हांला आमचंच एक बक्षीस कारणीभूत झालं. कॉलेजात असताना स्नेहसंमेलनाच्या विनोदी एकांकिकेत आमची निवड झाली. भूमिका होती एका मुसलमान टांगेवाल्याची. आमच्या नावाकडे पाहून ती आमच्याकडे आली हे उघड होतं, आणि आम्हांलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. घोळ झाला तो तालमीत. संवाद होते ‘मेरेकू मालूम हाय, तुमी खोटी बोल्तंय’ अशा थाटाचे. आम्ही घरी दखनी बोलतो आणि बाहेर कोल्हापुरी मराठी, अगदी ‘र’ला ‘र’ लावून. टांगेवाल्याची ती भाषा आम्हांला काही केल्या जमेना. शेवटी दिग्दर्शक पोराने, जो आमच्याच बाकावर बसणारा आणि स्वभावाने चांगला होता, चार दिवस खपून आम्हांला मुसलमानासारखं बोलायला शिकवलं! प्रयोगाला हशा पिकला. आम्हांला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. मामू केळ्यांची करंडी कुठेतरी ठेवून मुद्दाम प्रयोगाला आले होते. बाहेर पडल्यावर त्यांनी पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, “अच्छा किया. पर एक बता. तू किसकू हसाया? और किसपर हसाया?”

आम्ही उत्तर दिलं नाही. ते बक्षिसाचं सर्टिफिकेट अजून घरात आहे, पण भिंतीवर कधी लागलं नाही.

मराठीत हसवणं वेगळं आणि हसं करून घेणं वेगळं. थोडासाच काय तो फरक, पण तेवढ्यात सोंगाड्या आणि खेळणं वेगळे होतात. सोंगाड्या स्वतःला खुळा म्हणवून घेतो खरा, पण त्याच्या खुळेपणाची टाच गादीवर असते. राजाचा मुकुट वाकडा आहे हे दाखवण्यासाठी तो स्वतःचं पागोटं वाकडं बांधतो. आम्ही त्या टांगेवाल्यात फक्त स्वतःचं पागोटं वाकडं बांधलं होतं. मुकुट जिथल्या तिथे होता.

आणि खरं सांगायचं तर ही सवय तिथेच संपली नाही. नोकरीत लागल्यावर ऑफिसात ‘ईदची बिर्याणी कधी?’ हा प्रश्न कुणी विचारण्याआधीच आम्ही तो विचारू लागलो. क्रिकेटची मॅच असली की दुसरं कुणी काही बोलायच्या आत आम्हीच स्वतःवर विनोद करून मोकळे होत असू. सगळे हसायचे, वातावरण हलकं व्हायचं, आणि आम्ही ‘दिलखुलास माणूस’ म्हणून ओळखले जाऊ लागलो. आपल्यातले कितीजण असे दिलखुलास आहेत, हे ज्याने त्याने आपल्याशी ताडून पाहावं. पुढून येणारा दगड आपणच आधी आपल्या डोक्यात हळू मारून घ्यायचा, म्हणजे तो जोरात लागत नाही. हा शहाणपणा आहे, पण खुळ्याचा नव्हे. हा भ्यालेल्याचा शहाणपणा आहे.

मामूंचं शेवटचं काम १९९३ च्या जत्रेतलं. डिसेंबर आणि जानेवारीतली मुंबई सगळ्यांच्या मनात होती, मार्चमध्ये बॉम्बस्फोट झाले होते. गावात काही घडलं नव्हतं, पण चहाच्या टपरीवर आवाज थोडे खाली आले होते. या वर्षी राहू दे, असं अम्मीने भावाला निरोप पाठवून कळवलं. मामूंनाही तसंच वाटत होतं. पण राजा होणारा गडी घरी येऊन बसला. “तू न्हाईस तर म्या बी न्हाई,” म्हणाला. वग सुरू झाला. मामू स्टेजवर आले आणि नेहमीप्रमाणे टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागच्या बाजूने एका तरण्या पोराचा आवाज आला, “ए, पाकिस्तानला जा!”

पेटी थांबली. ढोलकीवाल्याचा हात हवेत राहिला. आम्ही पोत्यांवर होतो, आणि आमच्या शेजारी बसलेली माणसं आमच्याकडे बघणं टाळत होती. मामू क्षणभर उभे राहिले. मग कमरेवर हात ठेवून राजाकडे वळले.

“ऐकलंसा न्हवं म्हाराज? ह्यो म्हंतोय पाकिस्तानला जा. जातो की! पर एस्टी हितनं फकस्त मलकापूरपतूर हाय. फुडं चालत जायाचं झालं तर कवा पोचायचो? आनि म्या गेल्यावर माज्या केळ्याची उधारी कोन गोळा करणार? निम्म्या गावाकडं हाय. आवाज आला त्या घराकडं तर दोन दिवाळ्यांची हाय!”

असा हशा त्या देवळासमोर पुन्हा झाला नसेल. माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. ओरडणारा पोरगाही हसला म्हणतात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा बाप मामूंच्या दारात आला, उधारी चुकती केली, आणि मान वर न करता चहा पिऊन गेला.

आम्ही हा किस्सा पुढे कितीतरी वर्षं सांगत होतो. मामूंची हजरजबाबी, गावाचं मोठं मन, एका वाक्यात विझलेली आग. ऐकणारे खूश होत. फक्त एक गोष्ट आम्ही सांगत नव्हतो, की त्यानंतर मामू पुन्हा स्टेजवर चढले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी गुडघ्याचं कारण सांगितलं, त्याच्या पुढच्या वर्षी कुणी विचारलं नाही. फार उशिरा, एका रात्री, आम्ही तो किस्सा त्यांच्याच समोर कुणालातरी रंगवून सांगत असताना ते मध्येच म्हणाले, “लोगां हसे, करके बच गया. नै हसते तो?”

सोंगाड्याला मोकळीक असते ती तो विनोदी असतो म्हणून नव्हे. तो आपला आहे, हे आधी ठरलेलं असतं म्हणून. राजाला अरेतुरे करणाऱ्याला फाशी होत नाही, कारण तो घरचा आहे. त्या रात्री एका आवाजाने मामूंचं घरचेपण वादात आणलं, आणि मामूंनी ते विनोदाने परत मिळवलं. पण जे रोज नव्याने कमवावं लागतं ते घरचेपण नव्हे, ती मजुरी झाली. मामूंना मजुरी करायची नव्हती. करंड्या ओढणं त्यापेक्षा बरं, असं त्यांनी ठरवलं असावं.

जुन्या नाटककारांना हे ठाऊक होतं असं आता वाटतं. ‘मृच्छकटिका’तला मैत्रेय हा किती इमानी विदूषक! मित्रावर खोटा आळ आला म्हणून तो भर न्यायसभेत भांडायला उठतो, आणि त्या झटापटीत त्याच्याजवळचे दागिने खाली पडतात. नेमका तोच चारुदत्ताविरुद्धचा पुरावा ठरतो. खरं बोलणाऱ्याच्या हातून घात होतो तो असा. शेक्सपिअरच्या ‘किंग लिअर’मधला विदूषक वादळी रात्रीत म्हाताऱ्या राजाची साथ सोडत नाही, आणि तिसऱ्या अंकानंतर नाटकातून नाहीसाच होतो. तो कुठे गेला हे नाटककार सांगत नाही. आम्ही पुस्तकात ते वाचलं तेव्हा आम्हांला मात्र ठाऊक होतं. गुडघ्याचं कारण सांगून घरी बसला असेल.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. शाहू महाराजांनी बांधलेलं ते पॅलेस थिएटर जळताना खासबागेच्या बाजूला आम्हीही गर्दीत उभे होतो. माणसं घरचं कुणी गेल्यासारखी रडत होती. त्या गर्दीत कुणाचं नाव काय आणि कोण कुठल्या गल्लीतला, हे कुणी पाहत नव्हतं. शेजारच्या अनोळखी माणसाने आमचा दंड घट्ट धरला होता. दादू इंदुरीकरांना बघायला एसटी चुकवणारे मामू आम्हांला त्या धुरात आठवले. असं घरचेपण कमवावं लागत नाही, ते असतंच. फक्त त्यासाठी दरवेळी काहीतरी जळायला नको.

मामू २००७ साली गेले. मयताला जमातीतले लोक होते, पावण्यांत अम्मीच्या माहेरचे सगळे होते. जनाजा उचलायच्या वेळी राजा आला. पंचाहत्तरीला टेकलेला, हातात काठी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. कब्रस्तानापर्यंत तो चालत आला, आमच्याबरोबर तीन मुठी माती टाकली आणि काठीवर दोन्ही हात ठेवून तिथेच उभा राहिला. आम्ही त्याच्याजवळ गेलो तर म्हणाला, “आता आमाला खुळं म्हनायला कोन ऱ्हायलं रं?”

आम्हांला काही सुचलं नाही. मामू असते तर त्यांना सुचलं असतं.